बाजार नावाचा नवा देव

आमच्या वस्तीतील विहारात दर रविवारी सकाळी वंदना झाल्यावर तासभर गप्पांची बैठक बसते. वर्षावासातील एका रविवारची ही गोष्ट. पिंपरीच्या एच.ए. कंपनीतून निवृत्त झालेले आमचे आप्पा म्हणाले, "सरकारी कारखाने असे वाऱ्यावर सोडायला नको होते. त्या कारखान्यांनी आपल्या घराघरांत पहिला पगार आणला." त्यावर चाकणला कामाला जाणारा एक तेवीस वर्षांचा मुलगा पटकन म्हणाला, "आप्पा, तो काळ गेला. आता बाजार ठरवतो. ज्याच्यात दम त्याला काम, बाकीचे घरी. माझ्यातच काहीतरी कमी असणार. म्हणून तर मला ब्रेक दिला ना!"

आप्पा गप्प बसले. मुलाची आई स्टीलच्या डब्यातून खीर वाढत होती, तिचा हात क्षणभर थांबला. मला मात्र मुलाचे शेवटचे वाक्य दिवसभर टोचत राहिले.

टोचण्याचे कारण सांगतो. मी बी.कॉम. झालेला एक साधा कारकून आहे. पगारपत्रक बनवणे हे माझे पोटापाण्याचे काम. ज्या कंत्राटी मुलांचे सात महिने भरत आले आहेत, त्यांची यादी दर महिन्याला माझ्याच हातून टाईप होते. त्या यादीत नाव असते, टोकन नंबर असतो आणि तारीख असते. 'काम चांगले की वाईट' असा रकाना त्या यादीत नाही. आजवर कधीच नव्हता. यंत्रावर सर्वांत चलाख असलेला मुलगाही त्या यादीत येतो आणि कामचुकारही येतो. माणूस पाहून नव्हे, तारीख पाहून घरी पाठवले जाते. आणि घरी गेलेला मुलगा मात्र समजतो की आपल्यातच खोट आहे!

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या आजोबांना सांगितले जात होते की तुझी गरिबी ही तुझ्या मागील जन्मीच्या पापाचे फळ आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आपण ते ओझे फेकून दिले. आज आपल्या नातवंडांना सांगितले जाते की तुझी बेकारी ही तुझ्यात 'स्किल' नसल्याचे फळ आहे. शब्द बदलले. मागचा जन्म गेला आणि बायोडाटा आला. पण दोष पुन्हा सोसणाऱ्याच्याच कपाळी! म्हणून या नव्या देवाची, बाजाराची, थोडी झाडाझडती घेणे आवश्यक आहे.

ही श्रद्धा कशी रुजली?

१९९१ साली देशाची परकीय गंगाजळी आटली होती. त्या वर्षी २४ जुलै रोजी नवे औद्योगिक धोरण आणि अर्थमंत्री डॉ. मनमोहन सिंग यांचा अर्थसंकल्प आला. बहुतेक उद्योगांवरील परवाना पद्धत संपली. सार्वजनिक क्षेत्रासाठी राखून ठेवलेल्या उद्योगांची संख्या १७ वरून ८ वर आली. खाजगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण या तीन शब्दांची आद्याक्षरे जोडून आपल्या चळवळीतील लोक त्याला 'खाउजा' म्हणू लागले.

धोरण ही एक गोष्ट आणि श्रद्धा ही दुसरी. धोरण म्हणते, अमुक ठिकाणी बाजार उपयोगी पडेल, करून पाहू. श्रद्धा म्हणते, बाजार कधी चुकत नाही. चुकला तर सरकार मध्ये आले म्हणून चुकला आणि तरीही कोणी उपाशी राहिला तर तो नालायक म्हणून राहिला. जिला कोणताही पुरावा खोटी ठरवू शकत नाही, तिला अर्थशास्त्र म्हणत नाहीत, अंधश्रद्धा म्हणतात. कालाम लोकांना तथागतांनी दिलेला उपदेश आपण विहारात ऐकतो. कोणी मोठा सांगतो एवढ्यावरून मानू नये, स्वतःच्या अनुभवाला लावून पाहावे, असे त्याचे सार आहे. तीच कसोटी बाजाराला लावू.

आधी चांगले ते चांगले म्हणू

जुना काळ सोन्याचा होता असे मी म्हणणार नाही. आकुर्डीत तयार होणाऱ्या बजाज स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. टेलिफोनसाठी अर्ज करून म्हातारे होत. परवान्यांच्या राज्यात मोठ्या घराण्यांचेच फावत होते, आपल्या माणसाला परवाना कोण देणार होते? चाकणला २००९ च्या सुमारास फोक्सवॅगन, मर्सिडीज आणि पाठोपाठ महिंद्रा आली. त्यांना सुटे भाग पुरवणारी शेकडो युनिट उभी राहिली. मराठवाडा-विदर्भातून आलेल्या आपल्या हजारो मुलांना तिथे काम मिळाले. गावात पाटलाच्या बांधावर राबण्यापेक्षा ते काम निश्चित बरे. २००५ साली पुण्यात मिलिंद कांबळे यांनी दलित उद्योजकांची 'डिक्की' ही संघटना सुरू केली. आपल्यातले काही जण मालक झाले, याचा आनंदच आहे.

पण काही जण वर चढले म्हणून शिडी सर्वांना पुरली, असा हिशेब कोणत्याही वहीत बसत नाही.

आप्पांचा कारखाना

आता आप्पांच्या कंपनीची गोष्ट पाहा. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी मालकीची देशातील पहिली औषध कंपनी. ती १९५४ साली पिंपरीत स्थापन झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचे साहाय्य होते. १९५५ साली तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. परदेशातून येणारे महाग औषध गरिबाच्या आवाक्यात यावे, हा उद्देश होता. 'हमायसिन' हे बुरशीच्या आजारावरील औषधही याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत शोधले गेले. त्याच्या नावातील पहिली अक्षरे कंपनीची आहेत. आणि या कारखान्याभोवती वसाहत, शाळा, मैदान उभे राहिले. राखीव जागांमुळे तिथे आपली माणसे फक्त झाडूवाली म्हणून नव्हे, तर ऑपरेटर आणि कारकून म्हणूनही लागली. त्यांची मुले शिकली.

नव्वदच्या दशकानंतर आयात मोकळी होत गेली. चीनमधून स्वस्त पेनिसिलिन-जी येऊ लागले आणि देशातील ते बनवणारे कारखाने एकामागून एक थंड पडले. एच.ए. कंपनीत व्यवस्थापनाच्या चुका नव्हत्या असे नाही. वेळेवर भांडवल मिळाले नाही, यंत्रे जुनी झाली. १९९७ साली ती आजारी उद्योगांच्या मंडळापुढे गेली. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिची जादा जमीन विकून देणी भागवण्याचा आणि पुढे कंपनीच विकण्याचा निर्णय घेतला. कामगारांचे पगार महिनोन् महिने थकले. जुलै २०१९ मध्ये सरकारने एच.ए.सह तीन सरकारी औषध कंपन्यांच्या थकीत पगारासाठी आणि स्वेच्छानिवृत्तीसाठी मिळून ३३० कोटींहून थोडे अधिक कर्ज मंजूर केले.

आणि नंतर काय झाले? मार्च २०२० मध्ये, कोरोनाचे संकट दारात असताना, सरकारच्या लक्षात आले की औषधांच्या कच्च्या मालासाठी देश चीनवर अवलंबून आहे. तेव्हा औषधांचा कच्चा माल देशात बनवणाऱ्या कंपन्यांना प्रोत्साहन देण्यासाठी ६,९४० कोटी रुपयांची योजना आली. त्या यादीत पेनिसिलिन-जी होते! पिंपरीत जे औषध १९५५ साली बनत होते, ते पुन्हा देशात बनावे म्हणून खाजगी कंपन्यांना सरकारी तिजोरीतून पैसे द्यावे लागले. बाजाराने 'स्वस्त' म्हणून सांगितलेला भाव खरोखर स्वस्त होता का? भावाच्या चिठ्ठीवर उद्याचे संकट लिहिलेले नसते. बाजार आजचा भाव सांगतो, उद्याची जबाबदारी घेत नाही.

मुक्त बाजार कोणासाठी मुक्त?

दुसरी गोष्ट. ज्याला आपण मुक्त बाजार म्हणतो तो आपल्या पट्ट्यात कधी होता तरी का? १९६२ साली स्थापन झालेल्या एम.आय.डी.सी.ने शेतकऱ्यांच्या जमिनी सरकारी कायद्याने घेतल्या. रस्ते, पाणी, वीज सरकारने दिली. मोठ्या प्रकल्पांना राज्याच्या प्रोत्साहन योजनेतून कराचा परतावा मिळतो. २००७ साली आकुर्डीतील स्कूटर-मोटारसायकलींचे उत्पादन थांबले, त्याच सुमारास करसवलती असलेल्या उत्तराखंडातील पंतनगरला नवा कारखाना सुरू झाला. पुढे आकुर्डीत विजेवरच्या स्कूटरचे काम आले. पण मधल्या वर्षांत ज्यांचे वय निघून गेले, त्यांना ते परत कोण देणार?

भांडवलाला सवलत दिली तर तिला 'प्रोत्साहन' म्हणतात. कामगाराला संरक्षण दिले तर त्याला 'अडथळा' म्हणतात. जमाखर्चाच्या एकाच वहीत दोन भाषा कशा?

तळेगावचे उदाहरण ताजे आहे. जनरल मोटर्सचा कारखाना तिथे २००८ साली सुरू झाला. कंपनीने २०१७ मध्ये भारतातील विक्री थांबवली आणि डिसेंबर २०२० मध्ये उत्पादनही बंद केले. ग्रेट वॉल या चिनी कंपनीशी ठरलेला व्यवहार परवानग्यांअभावी २०२२ मध्ये मोडला. २०२३ मध्ये ह्युंदाईशी करार झाला. तो जमीन, इमारती आणि काही यंत्रसामग्रीचा होता. आम्हालाही परत कामावर घ्या, यासाठी जुन्या कामगारांना आंदोलन करावे लागले. यंत्रांना गिऱ्हाईक मिळाले, ती यंत्रे चालवणाऱ्या हातांना मिळाले नाही. या कामगारांत स्किल नव्हते, असे कोण म्हणेल? त्यांनी बनवलेल्या गाड्या परदेशात जात होत्या.

सात महिन्यांचा हिशेब

चाकणच्या मुलाकडे परत येऊ. औद्योगिक विवाद कायदा १९४७ चा. त्यात वर्षभरात २४० दिवस काम म्हणजे सलग एक वर्षाची नोकरी मानली गेली. कामावरून काढताना नोटीस आणि नुकसानभरपाई द्यावी लागे. आता आठवड्याला सहा दिवस धरा. सात महिन्यांत साधारण १८२ दिवस भरतात. म्हणजे २४० च्या आत! मग आठ-दहा दिवसांचा ब्रेक, नंतर दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर, त्याच गेटमधून, त्याच यंत्रावर. २०१३ पासून 'नीम' योजना आली. शिकण्याच्या नावाखाली मुले वर्षानुवर्षे उत्पादनाच्या लाईनवर उभी राहिली. त्यांना पगार नव्हे तर विद्यावेतन मिळे, आणि फंडाचा पत्ता नाही. पुढे ती योजना बंद झाली. सवय मात्र राहिली.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. कामगार कपात किंवा कारखाना बंद करण्यापूर्वी सरकारची परवानगी घेण्याची अट पूर्वी १०० कामगारांना लागू होती, ती आता ३०० वर गेली आहे. आपल्या पट्ट्यातील किती सुट्या भागांच्या युनिटमध्ये ३०० कामगार असतात, हे वाचकांना सांगायला नको.

याचा परिणाम फक्त पगारावर होत नाही, घरावर होतो. मुलगी पाहायला पाहुणे येतात तेव्हा पहिला प्रश्न 'पर्मनंट आहे का?' हा असतो. तिशी उलटलेली मुले लग्नाची थांबली आहेत. घरमालक भाड्याची खोली देताना कंपनीचे कार्ड मागतो. ब्रेकच्या काळात दुचाकीचा हप्ता चुकतो आणि बचत गटातील आईच्या नावावर कर्ज चढते. मुलगा चिडचिडा होतो, बापाशी बोलत नाही. कारण त्याने मनाशी ठरवलेले असते की चूक त्याची आहे.

बाजाराला आडनाव दिसते

काही जण म्हणतात, बाजार जात पाहत नाही, त्याला फक्त पैसा दिसतो. डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी यावर एक अभ्यास केला, तो २००७ साली प्रसिद्ध झाला. वर्तमानपत्रांतील खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले, फक्त नावे बदलली. सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे एक तृतीयांशाने कमी निघाली. शिक्षण तेच, कागद तोच, फक्त आडनाव वेगळे.

आणि सरकारी दार? आरक्षण रद्द करायचे तर निदान उघड निर्णय घ्यावा लागतो. पण जागाच ठेवल्या नाहीत तर काहीच रद्द करावे लागत नाही. खडकी-देहूरोडचे संरक्षण कारखाने १ ऑक्टोबर २०२१ पासून महामंडळांत गेले. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने नऊ खाजगी एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा आदेश काढला. राज्यभर विरोध झाल्यावर ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. विरोध केला म्हणून मागे घेतला, हे लक्षात ठेवा.

हे दुःख आपल्या एकट्याचे नाही. ३० जुलै २०१८ रोजी चाकणमध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनाला हिंसक वळण लागले, गाड्या जळाल्या. जाळपोळीचे समर्थन कोणी करणार नाही. पण विचार करा. कारखान्यांनी गजबजलेल्या याच तालुक्यात, ज्या समाजाच्या जमिनी उद्योगांत गेल्या, त्याच समाजाची मुले सरकारी नोकरीत जागा मागतात. बाजार सर्वांना पुरत असता तर त्यांनी ती मागितली असती का?

बाबासाहेबांचे उत्तर

डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे मुळात अर्थशास्त्राचे विद्वान. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ १९२३ चा. बाजार म्हणजे काय हे त्यांना कोणी शिकवण्याची गरज नव्हती. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाईसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत होते. १९४३ साली दिल्लीत कामगार कार्यकर्त्यांसमोर बोलताना त्यांनी 'कराराच्या स्वातंत्र्या'वर नेमके बोट ठेवले होते. दोन्ही बाजूंची ताकद सारखी नसेल तर असे स्वातंत्र्य म्हणजे बलवानाला दुर्बळाची फसवणूक करण्याची मुभाच ठरते, असा त्यांचा मुद्दा होता. १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात त्यांनी मूलभूत उद्योग आणि विमा सरकारच्या हाती असावा अशी मांडणी केली. सरकारने हात काढून घेतला की उरते ते स्वातंत्र्य नेमके कोणाचे, असे त्यांनी विचारले होते. ज्याला नोकरी जाण्याची भीती आहे, तो आपले घटनात्मक हक्कही गहाण टाकतो, हे त्यांनी तेव्हाच पाहिले होते.

आज चाकणचा कंत्राटी मुलगा युनियनच्या सभेला जाताना तोंडाला रुमाल बांधतो. सभा भरवणे हा घटनेने दिलेला हक्क आहे. तरीही तो रुमाल बांधतो. बाबासाहेब काय म्हणत होते ते समजायला आणखी कोणता पुरावा हवा?

घरात करता येण्यासारखे

नुसते रडून उपयोग नाही. कारकून म्हणून चार गोष्टी सांगतो. नेमणूकपत्र मागा, नव्या संहितेनुसार ते प्रत्येक कामगाराला देणे बंधनकारक आहे. पगाराची स्लिप, हजेरीचा कागद, फंडाचा यू.ए.एन. क्रमांक आणि ई.एस.आय. कार्ड एका फाईलमध्ये ठेवा. फाईल आईकडे असू द्या, ती हरवत नाही. मुदतीच्या कराराने थेट नेमणूक असेल तर एक वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटी मिळते, ती सोडू नका. ठेकेदाराचे नाव बदलले तर तारीख लिहून ठेवा. एकाच लाईनवरील सर्व मुलांनी आपापल्या तारखा एकत्र मांडल्या की चित्र आपोआप स्पष्ट होते. एकट्याचा कागद म्हणजे तक्रार, पन्नास जणांचे कागद म्हणजे पुरावा. आणि तिथे जात, जिल्हा, भाषा पाहू नका. बिहारहून आलेल्या मुलाच्या यादीतही तीच तारीख असते.

पुढच्या रविवारी मी त्या मुलाला त्याचे कागद घेऊन बोलावले. विहाराच्या ओट्यावर बसून आम्ही हिशेब केला. तीन वर्षे, चार ठेकेदार, एकच यंत्र. प्रत्येक वेळी सातवा महिना भरताना ब्रेक. मी त्याला म्हटले, "यात तुझे काम कुठे मोजलेले दिसते का बघ." त्याने कागद दोनदा उलटसुलट पाहिले. मग म्हणाला, "काका, म्हणजे मी नापास झालोच नव्हतो?"

मी म्हटले, "परीक्षाच झाली नव्हती, बाळा."

त्याची आई शेजारीच उभी होती. तिने सगळे कागद गोळा केले, एका पिशवीत घातले आणि म्हणाली, "याच्यासोबतच्या पोरांना पण सांगते, पुढच्या रविवारी आणा म्हणून."

पुढच्या रविवारी अकरा जण आले. त्यांतले चौघे आपल्या वस्तीतले नव्हते. ओटा कमी पडला म्हणून आप्पांनी घरून सतरंजी आणली. आणि मीही एक गोष्ट ठरवली आहे. माझ्या हातून यादी टाईप होते तोवर त्या यादीतल्या मुलांना निदान एवढे तरी सांगायचे, की बाळा, ही तुझी लायकी नाही, ही फक्त तारीख आहे.